वाचताना, बोलताना मूल कुठं अडतं ते कसं शोधायचं

‘वाचनात मागे आहे. अधिक सराव आवश्यक.’ वर्णनात्मक नोंदींमधलं हे वाक्य कुठल्याही शाळेच्या प्रगतिपुस्तकात सापडेल. पण सोमवारी सकाळी त्या मुलाजवळ बसल्यावर नेमकं काय करायचं, हे ते वाक्य वाचून ना पुढच्या वर्गाच्या बाईंना कळतं, ना घरच्यांना. मूल ऐकण्यात अडतं, अक्षरात अडतं, वेलांटीत अडतं, बोलताना अडतं, की आपली भाषाच त्याला परकी आहे? यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा. ज्याला नीट ऐकूच येत नाही त्याच्याकडून तोच पाठ दहादा वाचून घेतला तर त्याच्या हाती फक्त वाचनाचा कंटाळा येतो.

मी जळगाव जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आधी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा आदिवासी मुलांच्या शाळेवर होते. आता गिरणाकाठी भडगाव तालुक्यात अहिराणी बोलणाऱ्या गावात तिसरी-चौथी शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. पुढं लिहिलंय ते शिक्षकांसाठी आहे आणि आई-बापांसाठीही. डॉक्टरांचं आणि वाचा-उपचारतज्ज्ञांचं काम आपण करायचं नाही. पण ते लोक वर्षातून एखाद्या वेळी भेटतात आणि मूल रोज आपल्यासमोर असतं, म्हणून पहिलं शोधणं आपल्याकडेच येतं.

आधी कान

कान का आधी, तर तो सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो. पावसाळ्यात नदी-नाल्यात डुंबणारी, बारमाही सर्दी असणारी पोरं आपल्या गावांत भरपूर. कान फुटला, वाहिला, सुकला की घरचे विसरून जातात. अशा मुलाला पूर्ण बहिरेपण नसतं. सर्दी झाली की ऐकू येणं घटतं, सर्दी गेली की सुधारतं. म्हणून लोक म्हणतात, ‘त्याला पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं.’ या समजापायी कितीतरी मुलं दुर्लक्ष करणारी, हट्टी ठरवली जातात.

वर्गातल्या वर्गात एक साधी चाचपणी करता येते. पंखा बंद करा. मुलाला पाठमोरं उभं करा, म्हणजे ते तुमच्या ओठांवरून शब्द ओळखणार नाही. दोन-तीन हात मागं उभं राहून आधी नेहमीच्या आवाजात, मग कुजबुजत एकेक शब्द सांगा आणि त्याला तो परत म्हणायला लावा. शब्द रोजचे घ्या : सात, हात, साप, शेव, फूल, पान, मका. एका वेळी एक कान त्याला बोटानं हलकेच बंद करायला सांगा. नेहमीचा आवाज येतो पण कुजबुज येत नाही, ‘सात’चा ‘हात’ होतो, एका बाजूनं येतं आणि दुसरीकडून नाही, असं दिसलं तर लिहून ठेवा. स, श, फ हे आवाज मुळात हलके, म्हणून कानात दोष असला की तेच आधी हरवतात. मूल लिहितानाही तीच अक्षरं गाळत असेल तर संशय आणखी पक्का करा. आठवड्यानं पुन्हा बघा, आणि तसंच दिसलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा.

घरच्यांना एवढं मात्र ठासून सांगा की वाहणाऱ्या कानात तेल घालायचं नाही. लसूण तळलेलं तेल आपल्याकडे सर्रास घालतात. पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ आत जातं. आगपेटीच्या काडीनं कान कोरणंही बंद.

तपासणी होईपर्यंत थांबू नका. त्या मुलाला पुढं बसवा, चांगला कान तुमच्याकडे येईल अशा बाजूला. खिडकीकडे पाठ करून शिकवू नका. तुमचा चेहरा उजेडात असला तर ते ओठ बघू शकतं. फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याला मिळत नाही. सूचना दिल्यावर ‘कळलं का?’ असं विचारू नका, कारण ‘हो’ हे उत्तर ठरलेलं असतं. ‘आता काय करायचं ते मला सांग बरं’ असं विचारा.

डोळ्यांचं त्या मानानं लवकर लक्षात येतं. फळ्यावरचं उतरवताना चुकतं आणि पुस्तकातलं नीट उतरवतं, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, डोळे बारीक करतं, दुपारी डोकं दुखतं म्हणतं. नेत्रतपासणी करून घ्या. चष्मा मिळाला की तो शाळेत येताना घातलेला असतो का, हे रोज बघा. मुली चिडवण्याच्या भीतीनं दप्तरात ठेवतात.

हजेरीपट उघडा

मूल मागं का, याचं उत्तर पुष्कळदा हजेरीपटातच असतं. आपल्याकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, तर नंदुरबारकडची बरीच कुटुंबं दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर. वीटभट्टीवर जाणारे वेगळेच. मूल परत येतं तोवर उन्हाळ्याची सकाळची शाळा सुरू झालेली असते. अशा मुलाला जे शिकवलंच गेलं नाही ते येत नाही. त्याला अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन-गणितात सतत अडणं, म्हणणं अन्याय आहे. ते जिथं थांबलं तिथून, तेवढ्याच पायरीवरून सुरू करा. ही मुलं साधारणपणे भराभर वर येतात. नियमित हजर असूनही, नीट शिकवूनही, महिनोन्‌महिने तिथंच राहणारं मूल वेगळं आणि त्याच्याकडे वेगळं बघायचं असतं.

घरची भाषा

इथं मी जरा थांबणार आहे, कारण खान्देशात सगळ्यात जास्त गल्लत इथं होते.

माझ्या वर्गातलं मूल ‘शाळा’ हा शब्द वाचताना ‘शाया’ म्हणतं. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘केळी’ची ‘केयी’, ‘पाणी’चं ‘पानी’. बाहेरून आलेले शिक्षक याला वाचनातली चूक धरतात. यात वाचनाची चूक काहीच नाही. त्या मुलानं अक्षर बरोबर ओळखलं, अर्थ बरोबर लावला आणि आपल्या घरच्या उच्चारानं शब्द म्हटला. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, यावल-रावेरकडच्या लेवा गणबोलीतही येतो. अशा मुलाला मध्येच थांबवून ‘शाळा म्हण, शाळा’ असं केलं की त्याचा ओघ तुटतो आणि पुढच्या खेपेला ते तोंडच उघडत नाही.

मग अडचण कशी ओळखायची? ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणणाऱ्याला विचारा, ‘कुठं आहे ती?’ त्यानं बोट दाखवलं की वाचन झालं. पण मूल ‘सर’ला ‘रस’ म्हणतं, ‘घर’ आणि ‘धर’ यांत फरक करत नाही, ‘किती’चं ‘कती’ वाचतं, तर ते अक्षरात अडलंय. घरच्या बोलीशी त्याचा संबंध नाही. या दोन याद्या मी वहीत दोन वेगळ्या पानांवर ठेवते. पहिल्या पानावरच्या गोष्टींना मी हात लावत नाही. प्रमाण उच्चार कानावर पडत राहिले की चौथी-पाचवीपर्यंत मुलं आपसूक दोन्ही बोलायला लागतात, घरी एक आणि शाळेत दुसरं. काम करायचं ते दुसऱ्या पानावर.

दुसरं असं की आकलन तपासताना उत्तर कुठल्याही भाषेत घ्या. गोष्ट वाचून झाली की मी विचारते, ‘काय व्हयनं?’ मग जे मूल ‘काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग’ या वाक्यावर गप्प बसलेलं असतं, तेच सगळी गोष्ट हातवारे करून सांगतं. त्याला समजलेलं होतं. फक्त ते सांगण्याचं साधन आपण हिरावून घेतलं होतं. कोणी रडत असलं तर ‘काबर रडस?’ (का रडतोस?) एवढं विचारलं तरी हुंदका अर्धा होतो. बाहेरगावच्या शिक्षकांनी अशी दहा-वीस वाक्यं मुलांकडूनच शिकून घ्यावीत. मुलांना शिकवायला फार आवडतं.

सातपुड्यात प्रश्न आणखी खोल. पावरा, भिल्ल मुलांना मराठी ही अहिराणीवाल्यांसारखी जवळचीही नसते. पहिलीतलं मूल सहा महिने एक शब्द बोलत नाही, कारण त्याला कोणी काय बोलतंय तेच कळत नाही. तिथं मी चौथीतल्या मोठ्या मुलींची मदत घेत असे. मी मराठीत सांगितलेलं त्या पावरीत सांगायच्या, लहानग्यांनी पावरीत सांगितलेलं मला मराठीत. भिंतीवर चित्रं लावून त्याखाली देवनागरीत दोन्ही शब्द लिहायचे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्येच म्हटलंय की शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं, आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगतं. घरची भाषा वर्गात आणायला कुणाची परवानगी मागायची गरज नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. मूल घरी, गल्लीत भरपूर बोलतं, त्याची भाषा बोलणारे सोबतीही वर्गात आहेत, तरी शाळेत वर्षभर ओठ हलवत नाही. हे लाजाळूपणाच्या पुढचं आहे, भीतीनं शब्दच बाहेर पडत नाही असं आहे. त्याला सगळ्यांसमोर उभं करून ‘बोल ना’ म्हणू नका, गोळी-बिस्किटाची लालूचही नको. आधी मान हलवून, बोट दाखवून उत्तर चालेल असं सांगा. मग एका जवळच्या मैत्रिणीच्या कानात बोलू द्या, मग दोघींना माझ्याजवळ कोपऱ्यात. याला महिने लागतात. घरच्यांनी फोनवर तिचं घरचं बोलणं, गाणं ध्वनिमुद्रित करून आणलं तर तिला किती येतं ते आपल्याला कळतं. पुढं डॉक्टरांना दाखवायलाही ते उपयोगी पडतं.

वाचन : पायरी शोधा, मग पंधरा मिनिटं रोज

मुलाला एकट्याला जवळ घ्या आणि चार गोष्टी वाचायला द्या : सुटी अक्षरं, काना-मात्रांचे सोपे शब्द, चार ओळींचा उतारा, मग छोटी गोष्ट. गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीमुळे या पायऱ्या सगळ्या शिक्षकांना माहीत आहेत. जिथं ते सहज वाचतं ती त्याची पायरी. चौथीतलं मूल अक्षरपायरीवर असेल तर चौथीचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवून काही हाती लागणार नाही.

अक्षराच्याही खाली एक पायरी आहे, आवाजाची. वही-पेन्सिल बाजूला ठेवून नुसत्या तोंडी खेळा. ‘केळी’ टाळ्या वाजवत म्हण : के, ळी. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? पाट. ‘बाजार’मधला ‘बा’ काढला तर? जार. ‘म’ आणि ‘का’ जोडले तर? मका. भेंड्यांचा खेळ म्हणजे हेच, शेवटचा आवाज ओळखायचा. दुसरी-तिसरीतल्या बहुतेक मुलांना हे चटकन जमतं. ज्याला अजिबात जमत नाही त्याची अडचण अक्षराच्या आकारात नसून आवाज वेगळा काढण्यात आहे. अशा मुलाला मुळाक्षरं शंभर वेळा गिरवायला लावणं व्यर्थ. आठ-दहा दिवस रोज पाच मिनिटं हे खेळ खेळा. खिचडीच्या रांगेत उभं असतानाही खेळता येतात.

अक्षरं ‘क ख ग घ’ या क्रमानं घेऊ नका. सारखी लागणारी, एकमेकांपासून वेगळी दिसणारी घ्या. म, क, न, ल, र, स आणि काना एवढ्यावर मका, काका, मामा, कान, नाक, काम, लाल, साल, माल, सरक असे कितीतरी शब्द होतात. पहिल्याच आठवड्यात मूल शब्द वाचतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. सोबत त्याच्या स्वतःच्या नावातली अक्षरं. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष, ट-ठ-ढ या जोड्यांतलं एक अक्षर पूर्ण पक्कं झाल्याखेरीज दुसरं दाखवूच नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. अक्षर गिरवायला ताटात बारीक रेती घ्या. बोट फिरवताना आवाज तोंडानं म्हणायचाच. नुसतं बोट फिरवून काही उमटत नाही.

आता पहिली वेलांटी. देवनागरीत ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर बोलली जाते. डावीकडून उजवीकडे वाचत जाणाऱ्या मुलाला समोर आधी एक काठी दिसते, ती वाचायची कशी हे त्याला कळत नाही, म्हणून ते ती गाळतं. ‘किती’चं ‘कती’ होतं ते यामुळे. उपाय : वेलांटी बोटानं झाका, ‘क’ वाचू द्या, बोट काढा, ‘कि’ म्हणा. असे रोज पाच शब्द. रफारही असाच उलटा, ‘सूर्य’मध्ये ‘र’ आधी बोलायचा आणि लिहायचा ‘य’च्या डोक्यावर. अडणाऱ्या मुलाला रफार आणि अवघड जोडाक्षरं उशिरा द्या, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या काळात मोजूच नका. ‘पानि’ लिहिणाऱ्याला लिहिता येतं.

शब्दपायरी ओलांडली की उताऱ्याची रीत अशी ठेवा. आधी मी वाचते, मूल ओळीखाली बोट फिरवतं. मग दोघं एका सुरात वाचतो. मग ते एकटं. तोच उतारा तीन-चार दिवस. पाठ होतो अशी तक्रार येते. होऊ द्या, पण शब्दावर बोट पाहिजे. मधला एखादा शब्द अचानक विचारा, म्हणजे पाठ आहे की वाचतंय ते कळतं. अडखळलं तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगून पुढं चला. एका शब्दावर रेंगाळलं की ओळीचा अर्थ हातातून जातो.

सगळ्यात जास्त गुण मला आला तो मुलाच्या स्वतःच्या गोष्टीचा. ते बोलतं, मी जसंच्या तसं लिहिते. ‘मना बाप वावरमा गया. मी बी गऊ. मायनी भाकर दिन्ही.’ (माझा बाप शेतात गेला. मीही गेलो. आईनं भाकर दिली.) एवढंच. मग ते तेच वाचतं. वाक्य त्याचं, शब्द त्याचे, त्यामुळे पुढं काय येणार हे त्याला ठाऊक असतं आणि सगळी शक्ती अक्षर ओळखण्याला मिळते. दुसऱ्या दिवशी त्याखाली तेच मी मराठीत लिहून देते. पोळ्याला बैल रंगवल्याचं, कानबाईच्या रोटांचं, आखाजीच्या झोक्यांचं, केळीच्या गाडीवर बसल्याचं, असं पान-पान साठून त्या मुलाचं पुस्तक होतं.

दोन वर्ग एका खोलीत असताना पंधरा मिनिटं कुठून आणायची, हा खरा प्रश्न आहे. परिपाठ संपल्यावरचा पहिला वेळ यासाठी राखा. चौथीला लेखन द्या आणि अडणाऱ्या दोघा-तिघांना घेऊन बसा. आपल्याकडे मार्चपासून उन्हाचा कडाका एवढा की अकरानंतर पत्र्याच्या खोलीत कुणाचंही लक्ष राहत नाही. अवघड काम सकाळी. रोज पंधरा मिनिटं ही शनिवारच्या दोन तासांपेक्षा मोलाची आहेत.

लिहिणं आणि अंक

तोंडी सगळं सांगतं पण कागदावर उतरत नाही, अशा मुलाची तोंडी परीक्षा घ्या आणि गुण द्या. फळ्यावरचं अख्खं उतरवून घेण्याची सक्ती सोडा, कारण त्यात त्याचा तास जातो आणि डोक्यात काही शिरत नाही. दुरेघी वही, जाड पेन्सिल, एका ओळीआड लेखन.

अंकांत आपली भाषाच एक पेच घालते. ‘एकवीस’ ऐकताना ‘एक’ आधी येतो, म्हणून मूल १२ लिहून ठेवतं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे २९. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ ही पद्धत दिली ती याचसाठी. अडणाऱ्या मुलाला मी दोन्ही म्हणायला लावते, ‘एकवीस म्हणजे वीस आणि एक’, आणि समोर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे ठेवते. गावात कापसाच्या पऱ्हाट्या हव्या तेवढ्या.

बोलताना अडणारं मूल

बोबडं आणि तोतरं यांत फरक करा. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणं तीन वर्षांच्या मुलात चालतं, शाळेत आल्यावर राहिलं तर आधी कान तपासा आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्या. ‘र’ मात्र उशिरा येतो, सहा-सात वर्षांपर्यंत वाट बघायला हरकत नाही.

तोतरेपणात मुलाला शब्द माहीत असतो, तो बाहेर येताना अडतो. पहिला आवाज परत परत येतो, लांबतो किंवा तोंड उघडं राहून काहीच निघत नाही. हा प्रकार बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, मुलग्यांत जास्त दिसतो आणि बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. सहा महिन्यांहून जास्त टिकला, मूल शब्द टाळू लागलं, बोलताना डोळे मिटू लागलं, मान झटकू लागलं तर थांबू नका. आई-बापांच्या लाडानं, धाकानं किंवा कुणाची नक्कल केल्यानं तो होत नाही, हे आईला मुद्दाम सांगा. दोष बहुतेक वेळा तिच्याच माथी मारलेला असतो. जिभेवर वेखंड घासून किंवा जिभेखालची तार कापून तोतरेपण जात नाही.

आपण काय करायचं? ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘विचार करून बोल’ हे सगळं बंद. ते ऐकून मुलाचं लक्ष बोलण्याच्या विषयावरून जिभेवर जातं आणि अडणं वाढतं. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. नजर त्याच्या चेहऱ्यावर शांत ठेवा आणि ते संपवेपर्यंत थांबा. स्वतःच जरा सावकाश बोला, त्याची लय मुलाला आपोआप लागते.

हजेरी हा अशा मुलाचा रोजचा घाट असतो. नाव जवळ येत जातं तसं त्याचं काळीज धडधडतं आणि ‘हजर’मधला ‘ह’ निघत नाही. सगळ्या वर्गाला हात वर करून हजेरी द्यायची पद्धत लावा, म्हणजे ते एकटं वेगळं पडणार नाही. प्रकट वाचनात त्याच्यासोबत दुसरं मूल द्या. जोडीनं एका सुरात वाचताना आणि गाताना अशी मुलं बहुधा अडखळत नाहीत, म्हणून कविता, प्रार्थना, पाढे यांत त्यांना पुढं ठेवा. ‘तोत्या’ म्हणून हाक मारणाऱ्यांशी ते मूल वर्गात नसताना बोला. ‘त्याला बोलायला थोडा वेळ लागतो, आपण थांबायचं’ एवढं सांगितलं की तिसरीची पोरं खरंच थांबतात. शिक्षकानं कधी नक्कल करू नये, हे लिहायची वेळ येऊ नये. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी करतं.

पुढं कुणाकडे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, २०१३ पासून हा कार्यक्रम सुरू आहे. पथक यायच्या आधीच तुमच्या नोंदींमधली नावं वेगळी काढून ठेवा. गर्दीत एकेका मुलाला मिनिटभर मिळतं, तुम्ही नेमकं सांगितलं तर डॉक्टर तिथंच कान बघतील आणि पुढं जिल्ह्याच्या केंद्रावर पाठवतील. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना वर्गात बोलावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचा व भाषा दोष, श्रवणदोष हे त्यात येतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, कारण लहान वयात नुसतं उशिरा शिकणं आणि अक्षमता यांत फरक करणं कठीण. प्रमाणपत्र नाही म्हणून मदत थांबवायची नसते, पण पुढं दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळवायला ते लागतं. तपासणीला जाताना मुलाच्या वह्या, आधीच्या वर्षीचंही लेखन आणि फोनवर ध्वनिमुद्रित केलेलं वाचन सोबत द्या. आणि मुलाची घरची भाषा कुठली ते कागदावर ठळक लिहून द्या. मराठी न कळणाऱ्या मुलाची चाचणी मराठीत झाली तर निष्कर्ष चुकतो.

घरच्यांशी

आई-बापाला शाळेत बोलावण्यापेक्षा संध्याकाळी घरी जा, मजुरी बुडत नाही. आधी मुलाला जे येतं ते सांगा : बकऱ्या मोजतो, दुकानाचा हिशोब चोख आणतो, चित्र काढतो. मग अडचण, मग आपण काय करतोय ते. ‘मठ्ठ’, ‘डोकं नाही’ हे शब्द त्याच्यासमोर घरात निघू नयेत, एवढं स्पष्ट मागून घ्या.

‘आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय करणार?’ असं म्हणतात. खूप करता येतं. रात्री मुलाला दिवसभराचं विचारावं आणि पूर्ण ऐकावं. आजीनं गोष्टी सांगाव्यात, आपल्याच बोलीत. त्यातून शब्द वाढतात आणि वाचनाला तेच लागतात. स्टँडवर एसटीची पाटी त्यालाच वाचायला सांगावी : पाचोरा, पारोळा, एरंडोल, धुळे. बियाण्याच्या पिशवीवरचं, रेशन दुकानाच्या फळ्यावरचं, किराण्याच्या पुड्यावरचं वाचून घ्यावं. चुकला तरी टपली मारू नये. फोन दहा मिनिटं बाजूला ठेवून त्याची ती गोष्टींची वही मांडीवर घेतली तरी पुरे.

एप्रिल संपताना प्रत्येक अडणाऱ्या मुलाचं एक पान लिहा : कान-डोळे कधी तपासले, घरची भाषा कोणती, कुठली अक्षरं पक्की, कुठल्या जोड्यांत गोंधळ, कुठल्या पायरीवर आहे, बोलताना काय केलं की सोपं जातं, काय केलं की मिटून बसतं. मुलाची गोष्टींची वही सुटीत घरी जाऊ द्या, आणि हे पान जूनमध्ये पुढच्या वर्गाच्या बाईंना हातात द्या. शाळा बदलत असेल तर दाखल्याला जोडा.